हरीभाऊंचा प्रॉम्प्टर

"हरीभाऊंना यंदा प्रॉम्प्टर न्हाई!" निवृत्तीआबांनी माईकवरून जाहीर केलं आणि मांडवात टाळ्या पडल्या. "त्ये अमेरिकेतले लय मोठे नट हायेत. आपल्याला आजवर म्हाईत न्हवतं. त्येंच्या मागनं कुणी वाक्यं सांगायची म्हंजे त्येंचा अपमान हाय."

कनातीमागे हार्लन क्विग्ली साहेबी टोपी मांडीवर घेऊन बसला होता. वडिवळ्यात त्याला सगळे हरीभाऊच म्हणत. लोणावळ्याला योग शिकायला आला, तिथून धरण बघायला म्हणून इकडे आला, आणि प्रेरणाच्या घरामागची खोली भाड्याने घेऊन राहिला तो राहिलाच. गोरा माणूस आयता मिळाला म्हणून आबांनी त्याला जत्रेच्या नाटकात साहेबाचं काम दिलं. त्याआधी ते सीताराम करायचा, तोंडाला पावडर फासून.

नाटक आबांच्या वडिलांनी लिहिलेलं. रेल्वेच्या आड येणारा देवीचा दगड साहेब हलवायला सांगतो आणि शेवटी स्वतःच आडवा होतो. दरवर्षी तेच. पाठांतर कुणीच करत नाही. हल्ली सीताराम कनातीमागून नाटकाचं बाड मोठ्याने वाचतो, पुढचा माणूस तेच बोलतो. कंसातल्या सूचनाही तो सोडत नाही. त्यामुळे हार्लन दरवर्षी "रागाने. पाटील, हा दगड हलवा," असं म्हणायचा, आणि त्यात काही चुकतंय असं कुणाला वाटत नसे.

तो नट असल्याचा शोध प्रेरणाचा. ती वनस्पतिशास्त्रात एम.एस्सी. झालेली. मोबाईलवर तिला एका जुन्या चित्रपटातला फोटो दिसला. चेहरा ओळखीचा वाटला, पण चेहऱ्यावर तिने विश्वास ठेवला नाही. चेहरा वयाने बदलतो. तिने कान जुळवून पाहिले. मग पुढचं वाचलं: न्यूयॉर्कच्या रंगभूमीवर मोठमोठ्या भूमिका, नंतर चित्रपट, बक्षिसं. खात्री पटल्यावर ती आबांकडे गेली. हार्लनला मुद्दामच काही सांगितलं नाही.

"काय म्हणाले ते?" हार्लनने आता शेजारी उभ्या प्रेरणाला इंग्रजीत विचारलं.

तिने खुशीत सांगितलं.

"मी काम का सोडलं, तेही वाचलंस?"

"नाही. बक्षिसांपर्यंतच वाचलं."

"नव्या नाटकाचा पहिला प्रयोग होता. थिएटर भरलेलं. मला पुढचं वाक्य आठवेना. बराच वेळ उभा राहिलो. मग विंगेत गेलो, कोट घेतला आणि घरी गेलो. तेव्हापासून मला एकही ओळ पाठ होत नाही, प्रेरणा. इथे ती व्हावी लागत नाही, म्हणून तर मी इथे उभा राहतो."

प्रेरणा धावत मांडवात गेली. सीताराम नवा शर्ट घालून पहिल्या रांगेत बसला होता. जन्मात पहिल्यांदा तो हे नाटक समोरून बघत होता.

"सीतारामकाका, बाड कुठंय?"

"आबांच्या गाडीत, कुलपात. म्हनले, हातात ऱ्हायलं तर सवयीनं वाचत बसशील."

"मग तोंडानं सांगा. मागं चला."

"छ्या! एवड्या मोठ्या मानसाला मी सांगू व्हय?"

पेटी वाजायला लागली. साहेबाचा प्रवेश आला. प्रेरणा परत कनातीमागे पळाली.

"तुम्ही मागच्या बाजूने निघा. आबांना मी बघते."

"निघून जाणं एकदा करून झालंय," हार्लन म्हणाला. त्याने टोपी घातली आणि तो स्टेजवर गेला.

पाटलाच्या वेषातला अमृत दगडापाशी उभा होता. हार्लन त्याच्यासमोर थांबला. त्याने तोंड उघडलं. मिटलं. पुन्हा उघडलं. मांडव चिडीचूप झाला.

"बघा," कुणीतरी कौतुकाने म्हणालं, "ह्येला म्हनत्यात ॲक्टिंग."

ॲक्टिंग लांबत गेली. अमृतच्या मिशीचा डिंक घामाने सुटायला लागला. हार्लनची नजर विंगेकडे वळली. तिथे प्रेरणा होती, आणि तिला साहेबाचं एकही वाक्य धड आठवत नव्हतं. त्याने एक पाऊल मागे घेतलं.

"आरं, असा काय उभा ऱ्हायलाय त्यो?" पुढून भागूबाई मावशी ओरडल्या. "सांगा की त्येला कुनीतरी!" आणि कुणाची वाट न बघता त्यांनी स्वतःच हाक दिली, "रागानं!"

"पाटील, हा दगड हलवा!" मांडव म्हणाला.

दरवर्षी प्रत्येक वाक्य दोनदा ऐकलेली माणसं ती. हार्लनने खाली बघितलं.

"रागाने," तो म्हणाला. "पाटील, हा दगड हलवा."

मग सगळा प्रवेश तसाच झाला. वाक्य खालून वर जायचं, वरून खाली यायचं. एकदा आधी दमदाटी की आधी हसणं यावरून बायकांच्या आणि पुरुषांच्या बाजूत वाद झाला. तो मिटेपर्यंत साहेब काखेत टोपी धरून थांबला. सीतारामचा आवाज सगळ्यांत मोठा होता. साहेब पडायच्या जागी पडला. शिट्ट्या वाजल्या.

नाटक संपल्यावर आबा कनातीमागे आले. तोंड वाकडं होतं.

"ॲक्टिंग बरी हाय. पाठांतर न्हाई अजाबात. ह्ये अमेरिकेत कसं चालवून घेतलं?"

"नाही चालवून घेतलं, आबा," प्रेरणा म्हणाली, आणि तिने सगळं सांगून टाकलं. आबांनी ते उभ्याउभ्या ऐकलं.

"तितं प्रॉम्प्टर न्हवता?"

प्रेरणाने हार्लनला विचारलं. "नव्हता," हार्लन मराठीत म्हणाला.

"पर म्होरं मानसं हुती न्हवं? भरल्यालं हुतं म्हनता."

"होती."

"त्यातल्या येकानं बी सांगितलं न्हाई?"

"नाही."

आबांचं वाकडं तोंड सरळ झालं.

"मग सोडलं त्ये ब्येस केलं, हरीभाऊ," ते म्हणाले. "असल्या गावात कशाला नाटक करायचं?"