बिननावाचा चौकोन

कळंबोलीच्या लोखंडाच्या यार्डात गाड्या कशा फिरतात, त्याचा आराखडा सुनयनानं बेलापूरच्या ऑफिसात बसून संगणकावर चौकोन आणि बाण काढून मांडला होता. गेट, वजनकाटा, शेड, परत काटा, परत गेट. आत शिरलेली गाडी कुठल्याही वाटेनं गेली तरी बाहेर पडतेच ना, एवढंच प्रोग्रामला तपासायचं होतं.

‘पडत नाही,’ असं उत्तर आलं, आणि गाडी जिथं अडकते ती वाट खाली उमटली. शेडच्या पुढं एक बिननावाचा चौकोन होता. त्यातून एकही बाण बाहेर येत नव्हता.

तो तिनं काढलाच नव्हता. तिनं पुसला, तपासणी पुन्हा लावली, तर तो मुकाट्यानं जागेवर येऊन बसलेला.

तिच्या पाठचा भाऊ रणजीत आज ट्रक घेऊन तिथंच माल उतरवायला गेला होता. तिनं फोन लावला.

“कुठं पोचलास रे?”

“काट्यावरनं सुटलो, अक्का. शेडच्या म्होरं वळव म्हणतायत.”

“वळू नको, राजा. मी यार्ड पाहिलंय, तिथं नुसती भिंत आहे.”

“भिंत कुठली? चांगलं मोठं दार हाय की.” तो हसला. “घातली बी गाडी आत.”

मग त्याचा आवाज बारीक झाला.

“अक्का, तू कधी आलीस हितं?”