मादी समजून

छर्रे ओपलच्या उजव्या दंडात आणि कानाच्या पाळीत घुसले, तेव्हा तिच्या मांडीवर पाटी होती. टर्की पक्ष्याच्या मादीचा आवाज काढायची, तळहातात मावणारी गोल पाटी. ओकच्या बुंध्याला पाठ टेकून, त्या पाटीवर काडी घासत ती उजाडल्यापासून बसली होती, आणि डोंगराच्या वरच्या सोंडेवरून एक नर तिला उत्तरं देत देत खाली उतरत होता. आता झुडपांआडून त्याचं लाल डोकं दिसणार, इतक्यात बार झाला. नर पंख झाडत दरीपार गेला. ओपल कुशीवर कोसळली.

"लागली! लागली!" करत कुणीतरी झुडपं तुडवत आलं.

रॅन्डल कॉर्नेट होता. तिच्या धाकट्या भावाचा, होबर्टचा, जिवलग दोस्त, रविवारी चर्चमध्ये पुढच्या बाकावर बसणारा. ओपल समोर पडलेली दिसली, तरी त्याची नजर आधी तिच्या मागचा पालापाचोळा चाळून आली.

"पक्षी शोधू नकोस, रॅन्डल. मी आहे."

तो पांढराफटक पडला. बंदूक टाकून मटकन खाली बसला आणि "देवा, देवा" करत डोकं धरून डोलायला लागला. ओपलनं गळ्यातला रुमाल सोडला, एक टोक दातांत धरलं आणि स्वतःच दंडावर गाठ मारली. तो डोलतच होता.

"माझी काय चूक, ओपल?" शेवटी तो म्हणाला. "तू आवाजच इतका हुबेहूब काढलास. शपथ घेऊन सांगतो, मला वाटलं मादीच आहे."

ओपलचा हात गाठीवरच थांबला.

"काय वाटलं?"

"मादी. अगदी खरीखुरी मादी."

"वसंतात मादी मारतात?"

डॉगवुडचं झाड फुलून पांढरं झालं की केंटकीच्या त्या डोंगरात शिकारीचा हंगाम सुरू होतो, तो फक्त नरांचा. माद्या तेव्हा अंड्यांवर असतात. हे तिथं कुणाला शिकवावं लागत नाही.

"तसं नाही गं. काहीतरी हललं होतं."

"माझा हात हलला होता. काही बघितलंच नाहीस तू. आवाज आला आणि घोडा ओढलास."

रॅन्डल आवाज खाली आणून म्हणाला, "तू घसरलीस असं सांगू या का होबर्टला? त्या उतारावर तारांचं जुनं कुंपण आहे ना, त्याच्यावर पडलीस म्हणून?"

त्याच्याशी आणखी बोलण्यात अर्थ नव्हता. बुंध्याला धरून ती उठली.

"बंदूक रिकामी कर. आणि माझ्या पुढं चाल."

"पुढं? अगं, तुला आधार देतो की."

"पुढं चाल म्हटलं ना. तुला पाठीमागं ठेवून मी चालणार नाही."

खाली रस्त्याकडेला ट्रक उभे होते. होबर्ट आणि त्याचे दोन मित्र कॉफी पीत गप्पा मारत होते. त्यांना बघताच रॅन्डलचा बांध फुटला. रस्त्यातच गुडघ्यांवर बसून तो पोरासारखा रडायला लागला आणि त्या रडण्यातच त्यानं सगळं सांगून टाकलं. होबर्ट धावत आला. बहिणीच्या दंडाकडे बघून म्हणाला, "चालत आलीस ना? हाडाला काही नाही मग," आणि वाकून त्यानं रॅन्डलला उठवलं. एकानं त्याच्यासाठी कॉफी ओतली. दुसरा ओपलला म्हणाला, "एवढा चांगला आवाज काढायचा नसतो, बाई!" तशी जरा सुटका झाल्यासारखे सगळे हसले. रॅन्डलसुद्धा, डोळे पुसता पुसता.

ओपलच्या कानाच्या पाळीतून रक्ताची धार कॉलरच्या आत उतरत होती.

"होबर्ट, शिकार खात्याला फोन लाव."

"आत्ता?" होबर्टनं रॅन्डलकडे बघितलं. "तुला दवाखान्यात नेतो ना मी. पण फोन कशाला? परवाना जाईल त्याचा, बंदूक जाईल, सगळ्या गावात छी-थू होईल. बघ ना कसा थरथरतोय. मुद्दाम केलंय का त्यानं? आपला माणूस आहे तो."

"आणि मी?"

"आता असं काय करतेस, ओपल!" होबर्ट म्हणाला आणि आपला कोट काढून त्यानं रॅन्डलच्या खांद्यांवर घातला.

ओपल आपल्या ट्रकच्या मागच्या फळीवर जाऊन बसली. डाव्या अंगठ्यानं तिनं शिकार खात्याचा नंबर दाबला. पलीकडून एका बाईचा आवाज आला, शांत आणि नीटस. कुठं झालं, काय लागलं, बंदूक आता कुठं आहे, ती एकेक विचारत गेली आणि ओपल एकेक सांगत गेली, पलीकडच्या ट्रकपर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात. रॅन्डलचं नाव तिनं आडनावासकट सांगितलं. होबर्ट आणि बाकीचे, बार तिनंच काढला असावा तसे, तिच्याकडे बघत होते.

"मदत निघालीय," फोनवरची बाई म्हणाली. "तोवर तुमच्याजवळ कुणी थांबलंय का?"

ओपलनं मान वर केली. होबर्टनं कोटाचं वरचं बटण लावून दिलं होतं आणि आता तो कॉफीचा पेला रॅन्डलच्या ओठांशी धरत होता. बाकीचे दोघं त्याची पाठ चोळत होते.

"नाही," ती म्हणाली. "इथं कुणी नाही."