भाकरीची वेळ

घाटातल्या वळणावर चांगोने जुन्या ट्रामच्या हातब्रेकचं चाक आवळलं, की ब्रेकची किंचाळी ऐकून खाली वाडीत बायको चुलीवर तवा चढवायची. तो घरी पोचेपर्यंत भाकरी टम्म फुगलेली असायची.

नव्या ट्रामचे ब्रेक आपोआप लागू लागले, आवाज न करता. चांगोला घरी बसवलं. जुनी ट्राम रंगवून त्याच वळणावर उभी केली, फोटोंसाठी.

“आज वाजवतोच. तवा ठिव,” म्हणून तो संध्याकाळी वर गेला. अंगातला सगळा जोर लावून त्याने ब्रेकचं चाक पिळलं. ते भिंगरीसारखं गरगरलं. खाली काही जोडलेलंच नव्हतं.

घरी आला तर ताटात भाकरी वाफाळत होती.

“आयकला की ब्रेक! म्हनून तर टाकली,” बायको म्हणाली, त्याच्याकडे न बघता.