पुसलेलं इंजिन

"वहिनी, तुम्ही परत पुसून आणलीत," गाडीखालून मेकॅनिक कुराताचा आवाज आला.

मित्सुयोबाई ओशाळल्या. गॅरेजवर निघण्याआधी त्यांनी जुन्या टॉवेलने इंजिन चकचकीत केलं होतं. हात पोचेल तिथवर खालचं लोखंडही पुसलं होतं. दुसऱ्याच्या दारी बरबटलेली गाडी नेणं त्यांच्या रक्तातच नव्हतं.

"तेल कुठून गळतं ते तेलच सांगतं," कुराता उठत म्हणाला. "तुम्ही त्याचं तोंडच पुसून टाकता. मी काय, अंगात आणून ओळखू?"

"अहो, पण तशीच कशी आणायची? लोक बघतात."

"डॉक्टरकडे जाताना जखमेला पावडर लावून जाता का?"

"आमच्याकडे तेही करतात," मित्सुयोबाई म्हणाल्या, आणि दोघं हसली. पुढच्या सीटवर बसलेले त्यांचे यजमान हिसाओही हसले. कशाला ते त्यांना ठाऊक नव्हतं.

हिसाओंची हयात स्टेशनमास्तर म्हणून गेली. स्टेशन केव्हाच बंद झालं, पण ते अजून गाडीला झेंडी दाखवायला निघतात. चपला फ्रिजमध्ये ठेवतात, गॅस उघडा सोडतात, बायकोला कधी कधी "आपण कोण?" म्हणून अदबीने विचारतात. शांत बसतात ते फक्त या जुन्या गाडीत. मग मित्सुयोबाई त्यांना समुद्राच्या कडेने संत्र्यांच्या बागांपर्यंत फिरवून आणतात. तेवढाच त्या बाईला श्वास. आता सरकारी तपासणी तोंडावर आली होती. तेल गळणारी गाडी त्यात पास होत नाही, आणि या वयाच्या गाडीला नापास झाल्यावर भंगाराशिवाय वाट नसते.

कुराताने आधी खालचा बोल्ट बदलला होता, मग तेलाच्या टाकीचं सील. तरी घरासमोर गाडीखाली अंथरलेल्या पुठ्ठ्यावर डाग पडतच होता. या खेपेला त्याने इंजिन स्वतः धुतलं, वाळवलं आणि त्यावर पांढरी पावडर भुरभुरली.

"आता आठवडाभर चालवा. फडकं लावलंत तर गाडी हातात घेणार नाही, सांगून ठेवतो."

तो आठवडा मित्सुयोबाईंना फार जड गेला. रोज हात शिवशिवायचे. शेजारणीने एकदा तेलाचा वास येतो का म्हणून विचारलं, तेव्हा त्यांना भुईत गडप व्हावंसं वाटलं. पण फडकं त्यांनी लावलं नाही.

बुधवारी कुराताने बॉनेट उघडून आत टॉर्चचा झोत टाकला आणि स्वतःच्याच कपाळावर हात मारला. पांढऱ्या पावडरीवर एक काळा ओघळ उमटला होता. तो इंजिनाच्या पार वरून, मागच्या अंगाने निघाला होता आणि कुणाला न दिसता तळापर्यंत उतरला होता.

"गळतंय वरून, आणि मी आपला खाली चाचपडत बसलोय." त्याने वरचं झाकण काढलं. त्याखालचं रबर खारकेसारखं कडक झालं होतं. "एवढंसं दुखणं, वहिनी. दिसलं असतं तर पहिल्याच दिवशी बरं झालं असतं."

मित्सुयोबाईंनी त्या ओघळाकडे बराच वेळ पाहिलं. कुराताने नवं रबर बसवलं आणि त्या घरी परतल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी नगरपालिकेची बाई येणार होती. घरातल्या म्हाताऱ्या माणसाला किती मदत लागते, ते घरी येऊन बघणारी. ती वसंतातही येऊन गेली होती. त्या वेळी मित्सुयोबाईंनी घर आरशासारखं लखलखीत केलं होतं. नवऱ्याची दाढी केली, इस्त्रीचा सदरा घातला, गॅसच्या बटणांवरच्या चिकटपट्ट्यासुद्धा काढून ठेवल्या. हिसाओ ताठ बसले, तारीख बरोबर सांगितली, वर तिला परतीच्या गाडीची वेळही सांगितली. बाई खूश होऊन गेली. मदत नामंजूर झाली. मुलगा फोनवर म्हणाला, "बाबा ठणठणीत तर आहेत, आई. तूच उगाच घाबरतेस."

आता त्या बादली आणि फडकं घेऊन उभ्या होत्या. जमिनीवर भात सांडला होता. गादी ओली होती. दाराला चपलांचं कपाट आडवं लावलेलं होतं, हिसाओंनी बाहेर पडू नये म्हणून. फ्रिजमध्ये काय असेल ते बघायची गरज नव्हती. लाजेने त्यांचे कान तापले. हे सगळं परक्या माणसाने बघायचं? फडकं पिळून त्या गुडघ्यांवर बसल्या.

मग तशाच बसून राहिल्या. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच त्यांना रडू आलं. ते ओसरल्यावर त्यांनी फडकं बादलीत टाकलं आणि बादली मोरीत नेऊन ठेवली.

बेल वाजली. हिसाओ ताडकन उठले. अंगात उलटा घातलेला सदरा, एकाच पायात मोजा, पण उभे राहिले ते अगदी ताठ. "या, या," ते दाराकडे बघून गोड आवाजात म्हणाले. "प्रवास सुखाचा झाला ना? आमच्याकडे सगळं उत्तम आहे."

मित्सुयोबाईंनी कपाट सरकवलं, दार सताड उघडलं आणि कमरेत वाकून नमस्कार केला.

"आत येऊन नीट बघा, बाई," त्या म्हणाल्या. "आज मी काहीच पुसलेलं नाही."