एक वाटी जास्त
तिसऱ्या वाटीला मामंजींच्या डाव्या पापणीवर घामाचा थेंब येऊन थांबला. सुनेने तो पाहिला. पोटातल्या अल्सरमुळे डॉक्टरांनी मामंजींना दोन वर्षांपूर्वीच तिखट बंद करायला सांगितलं होतं. पण कोल्हापुरात यजमानाने पाहुण्यापेक्षा एक वाटी तांबडा रस्सा जास्तच प्यायचा, असा मामंजींचा नियम होता.

आजचे पाहुणे म्हणजे सुनेचे वडील, पुण्याचे.

"काय पाव्हणं, झेपतंय न्हवं? तुमच्यात आमटीतबी गूळ घालत्यात म्हनं."

"घालतो की," म्हणत वडिलांनी शांतपणे तिसऱ्यांदा वाटी पुढे केली.

सासूबाईंनी ती भरली आणि सवयीने मामंजींपुढे चौथी ठेवली. मामंजींनी तिच्यावरचा लाल तवंग पाहिला आणि वाटी हळूच बाजूला सरकवली.

"पाव्हणं, हे पुण्यात बोलायचं न्हाई," ते म्हणाले. "सूनबाई, आजपासनं मला पांढराच वाढ."