कोरियन गुण

उल्हासनगरच्या साड्यांच्या दुकानात दिवसभर उभी राहून विठा संध्याकाळी शिरगावला घरी यायची, स्वयंपाक-भांडी उरकायची आणि ओट्याशीच गुळाचा खडा तोंडात टाकायची. तिची शुगर वाढली, तसा रिटायर झालेल्या नवऱ्याला, महिपतीला, बोलायला विषय मिळाला.

"डोळे जातील म्हणतात डॉक्टर, तरी हिचा जिभेवर ताबा नाही," तो टीव्हीसमोर बसून सगळ्यांना ऐकवायचा.

शेवटी तो तिला अंबरनाथला कोरियन उपचार करणाऱ्या एका बाईंकडे घेऊन गेला. बाईंनी विठाच्या बोटांवर मेथीचे दाणे ठेवून चिकटपट्ट्या लावल्या आणि बजावलं, "पट्ट्या आहेत तोवर हात पाण्यात घालायचे नाहीत."

झालं, दुकानातून आल्यावर विठा निवांत बसू लागली आणि स्वयंपाक-भांडी महिपतीच्या गळ्यात पडली. तिला गुळाची आठवणसुद्धा येईना.

"कोरियन लोकांची विद्याच वेगळी," तो सोसायटीभर सांगत सुटला.

पुढच्या खेपेला बाईंनी विचारलं, "काय, गोड खावंसं वाटणं थांबलं का?"

महिपती कौतुकाने सांगायला लागणार, तोच विठा शांतपणे म्हणाली,

 

"माझं थांबलं. आता भांडी घासून झाली की ओट्याशी उभं राहून गूळ हे खातात."