काऊचा घास

वाटीत मुगाच्या कढणाचे आठ चमचे होते. मीच मोजून घातले होते. वजन कमी करण्याच्या ऑपरेशननंतरही बाबा जुन्या सवयीने भराभर खायचे आणि उलटी व्हायची. आज झाली, तर पुन्हा दवाखान्यात भरती करायचं ठरलं होतं.

पैजेवर चाळीस जिलब्या खाणारे बाबा आता चमच्याकडेच घाबरून बघत होते.

"हा घास काऊचा," मी म्हणाले.

"अगं, मी तान्हा आहे का?"

"तुमचं पोट तान्हं आहे. काऊ उडून जाईपर्यंत थांबायचं."

पुढचा चमचा गिळून बाबांनी स्वतःच हात वर केला. "थांब. चिऊ इतक्यात दार उघडायची नाही."

आठ चमच्यांना अठरा मिनिटं लागली. नंतरच्या दोन तासांत एकही उलटी झाली नाही.